माहेरवाशिणीचा पत्ता

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात आला आणि मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या कायद्याच्या सातव्या कलमात मात्र एक लहानसा अपवाद आहे: चंदगड तालुका वगळून. तो तालुका मुंबई राज्यातच राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. बेळगुंदीहून राकसकोपच्या वाटेने निघाले की थोड्याच अंतरावर तुडये लागते. आदल्या दिवसापर्यंत ही दोन्ही गावे एका जिल्ह्यात होती; त्या दिवशी ती दोन राज्यांत गेली. या रेषेमुळे शाळांचे, कचेऱ्यांचे, भाषेचे आणि नोकऱ्यांचे काय झाले यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे, आणि तो वाद आम्हांस येथे पुन्हा मांडावयाचा नाही. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते एका दुर्लक्षित गोष्टीकडे. चंदगडच्या मुली बेळगाव तालुक्यात द्याव्यात आणि तिकडून करून आणाव्यात ही चाल जुनी. रेषा पडली तेव्हा या मुलींची माहेरे परराज्यात गेली. सोयरिकींवर तिचा फारसा परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो जिला सासर सोडून माहेरी परतावे लागले तिच्यावर.

त्या काळी नवऱ्याकडून पोटगी मागण्याचा त्यातल्या त्यात स्वस्त आणि लवकरचा मार्ग म्हणजे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४८८ वे कलम. त्याच्या आठव्या पोटकलमात अर्ज कोठे करावयाचा ते सांगितले होते: नवरा ज्या जिल्ह्यात राहतो किंवा असतो तेथे, अथवा बायकोसह तो शेवटचा जेथे राहिला तेथे. बायको आज कोठे आहे याचा त्या वाक्यात उल्लेखच नाही. चंदगड आणि बेळगाव एका जिल्ह्यात होते तोवर या उणिवेची झळ इकडच्या बाईला फारशी लागत नव्हती. १९५६ नंतर मात्र तुडयेच्या माहेरी येऊन राहिलेल्या बाईला बेळगुंदीच्या नवऱ्याविरुद्ध दाद मागावयाची तर परराज्याच्या न्यायालयात जावे लागे, आणि तेही तिच्या सासरच्या माणसांच्या ओळखीपाळखीच्या तालुक्यात. बेळगुंदीच्या ज्या मुली चंदगडात दिल्या होत्या त्यांची गत उलट्या दिशेने तीच.

कायदा बाईला कोणत्या पत्त्यावर ओळखतो, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पण मारहाणीला किंवा सक्तीच्या लग्नाला कंटाळून निघालेल्या बाईच्या आयुष्यात त्याच्याइतका निकडीचा प्रश्न दुसरा नाही. ती निघाली हे खरे. पण ती आता राहते कोठे, आणि तेथे राहण्याचा तिला अधिकार कोणी दिला? आज परदेशी गेलेल्या आपल्याच मुलींपुढे हा प्रश्न व्हिसाच्या रूपाने उभा आहे. तो तेथे नव्याने जन्माला आलेला नाही, एवढे दाखवणे हा या लेखाचा हेतू.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची घराणी दोनअडीचशे वर्षांपूर्वी घाट चढून किंवा कृष्णाकाठ सोडून या मुलखात आली. कोणी पटवर्धनांच्या पदरी आले, कोणी पेढीवर, कोणी जमीन कसायला. त्यांच्या सनदा आणि वतनाची कागदपत्रे अजून काही घरांत आहेत, आणि काहींनी कुलवृत्तान्तही छापले. त्यांत मुलीची नोंद बहुधा ‘अमक्या गावी दिली’ एवढ्यावर संपते. ती परत आली असेल तर तशी नोंद क्वचितच असते. माजघराच्या कडेच्या खोलीत ती राहिली, घरातल्या लेकरांना आत्या म्हणून ठाऊक झाली, लोणची-पापडांत आणि बाळंतपणांत तिचा जन्म गेला. भावजयीची मर्जी हाच तिच्या निवासाचा खरा दस्तऐवज. ज्या विधवेला तेवढाही आसरा नव्हता तिच्यासाठी फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले, १८७५ मध्ये पंढरपुरास तसेच काम सुरू झाले, १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. या संस्थांवर जी टीका झाली तिच्यात धर्माचा भाग होताच; परंतु बाई नवऱ्याच्या किंवा बापाच्या घराबाहेर एखाद्या तिसऱ्याच पत्त्यावर राहते हेच पुष्कळांना सहन होत नव्हते, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न न्यायालयात सरळ उभा राहिला तो रखमाबाईंच्या खटल्यात. त्या खटल्याविषयी बालविवाहाच्या अंगाने नेहमी बोलले जाते. तो वाचताना आम्हांस मात्र घराचाच वाद पुनःपुन्हा दिसतो. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार जातीत त्याला मज्जाव नव्हता. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले, पण त्या सावत्र वडिलांच्याच घरी राहून वाचू लागल्या. दादाजी राहत होते ते मामाच्या, नारायण धुर्माजींच्या घरी. त्या घरात नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला, आणि १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. मागणी एवढीच होती की बायकोने आपल्या घरी येऊन राहावे.

१८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. जी बाई नवऱ्याबरोबर कधी राहिलीच नाही तिला मनाविरुद्ध त्याच्या घरी पाठवणे त्यांना क्रूरपणाचे वाटले, आणि या प्रकारचा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नसून इंग्लंडातून आलेला आहे हेही त्यांनी नोंदवले. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. नवऱ्याच्या घरी न जाणाऱ्या बाईला जात आणि पंचायत आपल्या परीने छळत होतीच. पण न्यायालयाचा हुकूमनामा आणि त्याच्या मागे तुरुंग ही जोड इंग्रजी कायद्याची होती. धर्मरक्षणाच्या नावाने जे दादाजींच्या बाजूने उभे राहिले ते एका विलायती हत्याराचे रक्षण करीत होते, हे त्यांच्यातल्या थोड्यांनीच ध्यानात घेतले. ‘केसरी’नेही त्या वेळी रखमाबाईंच्या विरुद्ध कठोर भूमिका घेतली. टिळकांविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो बाजूला न ठेवताही हे लिहिले पाहिजे.

१८८६ मध्ये अपिलात पिन्हींचा निर्णय उलटला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की एक महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंतची कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. त्यांचे सावत्र वडील तोपर्यंत वारले होते. आई आणि आजोळची माणसे एवढाच आधार होता. प्रकरण विलायतेपर्यंत गाजले, आणि शेवटी १८८८ च्या जुलैत दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. बाईला स्वतःच्या पत्त्यावर राहण्यासाठी त्या काळी दोन हजार रुपये मोजावे लागले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पुढच्या वर्षी रखमाबाई लंडनला गेल्या, तेथे स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये पदवीधर झाल्या आणि परतून सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घ काळ डॉक्टर म्हणून काम केले. १९५५ मध्ये त्या वारल्या. हे बहुतेकांना माहीत असते. ज्याकडे लक्ष जात नाही ती गोष्ट अशी की, लंडनला राहण्यासाठी त्यांना कोणाच्याही परवान्याची गरज नव्हती. त्या राणीच्या प्रजाजन होत्या, आणि वसाहतींतून व राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर इंग्लंडने पहिले सर्वसाधारण निर्बंध घातले ते १९६२ च्या कायद्याने. घरच्या राज्यात ज्या बाईला नवऱ्याचे घर सोडल्याबद्दल तुरुंग दाखवला जात होता, त्याच साम्राज्याच्या राजधानीत तिला भाड्याची खोली घेऊन राहता येत होते. आजची रखमाबाई विमानतळावर उतरली तर पहिला प्रश्न येईल: तुम्ही कोणावर अवलंबून म्हणून आला आहात?

अशा हुकूमनाम्यासाठी बायकोला तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ च्या दुरुस्तीने गेली. दावा मात्र राहिला. तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले होते, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले.

आपल्या मुलखाकडे वळू. स्वातंत्र्यापूर्वी येथे रेषांना तोटा नव्हता. बेळगाव शहर ब्रिटिशांचे आणि त्याला चिकटलेले शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचे. गडहिंग्लज करवीर संस्थानात, तर जवळचेच संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश अमलात. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा करवीर संस्थानात केला. घरातला छळ हा घरचा मामला नसून सरकारने हात घालण्याचा विषय आहे असे या कायद्याने मानले, आणि ते देशाच्या दंडविधानात ४९८-अ हे कलम येण्याआधी चौसष्ट वर्षे. पण हा कायदा संस्थानच्या हद्दीपुरता. गडहिंग्लजची जी मुलगी संकेश्वरला किंवा निपाणीला दिली तिला त्याचा उपयोग नव्हता. उलट १९४६ मध्ये दिल्लीच्या विधिमंडळाने विवाहित हिंदू स्त्रीला काही कारणांसाठी नवऱ्यापासून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क देणारा कायदा केला. क्रौर्य, टाकून देणे, दुसरे लग्न, घरात रखेली ठेवणे ही त्यांतली मुख्य कारणे. हा कायदा ब्रिटिश प्रांतांचा होता. संस्थानांत तो आपोआप लागू होत नसे. म्हणजे १९४६-४७ मध्ये बेळगावच्या एखाद्या गल्लीत राहणाऱ्या बाईला वेगळे राहण्याचा जो लेखी हक्क मिळाला, तो चार पावलांवरच्या शहापुरातल्या तिच्या बहिणीला त्याच कायद्याने मिळत नव्हता. त्याच सुमारास मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. बेळगाव त्या प्रांतात असल्यामुळे येथील हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देशातल्या पुष्कळ भागांच्या आठ वर्षे आधी मिळाला. ज्या जातींत काडीमोड पूर्वापार होती त्यांना याचे अप्रूप वाटले नसेल. पांढरपेशा घरांतून मात्र खळबळ झाली.

सक्तीच्या लग्नाचे नाव काढले की आपण उत्तरेकडच्या बातम्यांकडे बोट दाखवतो. आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर मुली देवाला सोडल्या जात होत्या, त्याला दुसरे काय म्हणावे? मुलगी अजाण, लग्न देवीशी, आणि ते मोडण्याचा मार्ग नाही. गंमत म्हणावी की क्रूर थट्टा, पण जोगतिणीचे घर कोणी काढून घेत नसे. तिला सासरच नाही, म्हणून ती बापाच्या घरी मुलासारखी राही आणि रिवाजाने वारसाही होई. माहेरच्या घरावर हक्क मिळवण्यासाठी मुलीने माणसाची बायको होण्याचे सोडून द्यावे अशी ती किंमत होती. मुंबई प्रांताने १९३४ मध्ये, कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये याविरुद्ध कायदे केले. तीन कायदे करावे लागले यावरून पहिल्याचा अंमल किती झाला हे कळते.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांत माहेरच्या घराविषयीचे एक विलक्षण वाक्य आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या तेविसाव्या कलमाने बापाच्या राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार मुलीला नाकारला. भाऊ वाटणी करतील तेव्हाच तिचा हिस्सा. मात्र राहण्याचा हक्क तिला ठेवला, आणि तोही सगळ्या मुलींना नव्हे: अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली. जुन्या वाड्यांतल्या त्या आत्याची खोली येथे पहिल्यांदा कायद्याच्या पुस्तकात आली. पण ती कशी आली पाहा. सुखाने नांदणाऱ्या मुलीला बापाच्या घरात जागा नाही. ती हवी तर आधी संसार मोडला पाहिजे आणि मोडल्याचे चारचौघांत दाखवले पाहिजे. हे कलम ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द झाले. तत्पूर्वी १९९४ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे वाटा दिला होता, आणि दोघांनीही आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. सीमेच्या दोन्ही बाजूंचे एवढे एकमत अन्यत्र कोठे झाल्याचे आम्हांस आठवत नाही.

पोटगीच्या अर्जाचे ते जुने वाक्य बदलले १ एप्रिल १९७४ रोजी. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२६ व्या कलमात ‘तो किंवा त्याची बायको जेथे राहते’ असे शब्द आले. त्याच वर्षी १ जानेवारीपासून इंग्लंडात विवाहित स्त्रीला नवऱ्याहून वेगळे अधिवास असू शकते हे मान्य झाले. तोपर्यंत तिकडची मेमसाहेबसुद्धा कायद्याच्या दृष्टीने नवऱ्याच्याच पत्त्यावर राहत होती. म्हणजे रेषा पडल्यानंतर सतरा वर्षांनी तुडयेच्या माहेरवाशिणीचा पत्ता कायद्याला सापडला. घटस्फोटाच्या अर्जासाठी तो सापडायला डिसेंबर २००३ उजाडला. तेव्हाच्या दुरुस्तीने बायको अर्जदार असेल तर ती राहते तेथील न्यायालयात अर्ज चालू शकेल असे ठरले. छळाच्या फौजदारी गुन्ह्याचे घोडे त्याहून अधिक काळ अडले. गुन्हा घडला सासरी, म्हणून तपासही तिकडच्याच ठाण्यात, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या एका निर्णयात लावला होता. बेळगाव भागात याचा अर्थ असा की मराठीत बोलणारी बाई आणि कन्नडमध्ये लिहिलेला जबाब, किंवा कन्नड बोलणारी बाई आणि मराठीत लिहिलेला. आपण काय सांगितले आणि कागदावर काय उतरले हे पडताळून पाहण्याची सोय दोघींनाही नाही. ९ एप्रिल २०१९ रोजी रूपाली देवी खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा गुंता सोडवला. मारहाण सासरी थांबली तरी मनावरचा आघात माहेरी चालूच राहतो, म्हणून जेथे तिने आश्रय घेतला तेथेही तक्रार होऊ शकते, असे त्यांनी सांगितले.

या सर्वांहून मोठा बदल २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने झाला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याचे सतरावे कलम सांगते की घराची मालकी कोणाचीही असो, नात्याने एकत्र राहिलेल्या घरात बाईला राहण्याचा हक्क आहे आणि कायद्याच्या मार्गाखेरीज तिला बाहेर काढता येणार नाही. सत्ताविसावे कलम तर आपल्या भागासाठीच लिहिल्यासारखे आहे: बाई कायमची किंवा तात्पुरतीही जेथे राहते तेथील दंडाधिकाऱ्याकडे तिला जाता येते. मात्र त्याच वर्षी बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या नावावरच्या घरात सुनेला हा हक्क नाही असे म्हटले आणि कायद्याची निम्मी धार गेली. कारण आपल्याकडे तरुण जोडप्याचे घर बहुधा थोरल्यांच्याच नावावर असते. १५ ऑक्टोबर २०२० च्या आहुजा खटल्यात हा अर्थ चुकीचा ठरवला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात बंगळूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की ज्येष्ठ नागरिकांच्या संरक्षणाचा २००७ चा कायदा पुढे करून सुनेचा निवासाचा हक्क परस्पर मोडता येणार नाही. आमच्या वाचकांत सासू-सासऱ्यांचीच संख्या अधिक आहे याची आम्हांस कल्पना आहे. त्यांनीही हा निर्णय वाचावा. त्यांच्या लेकीही कोणाच्या तरी सुना आहेत.

रेषेने निर्माण केलेले भेद अजून संपलेले नाहीत. बालविवाह कर्नाटकात मुळापासूनच रद्दबातल धरण्याची दुरुस्ती २०१६ च्या कायद्याने झाली. महाराष्ट्रात मात्र तो केंद्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे रद्द करवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी लहानपणी लग्न लावलेल्या व्यक्तीने सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत न्यायालयात जावयाचे असते. राकसकोपच्या वाटेवर आजही कायदा बदलतो.

आता समुद्रापलीकडे जाऊ. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या घरांतल्या मुली बेळगावहून पुण्या-बंगळूरला आणि तेथून अमेरिका, इंग्लंड, जर्मनीला गेल्या. त्यांपैकी पुष्कळ जणी स्वतःच्या शिक्षणावर गेल्या, पण कितीतरी जणींच्या पारपत्रावरचा शिक्का नवऱ्याच्या नोकरीशी बांधलेला असतो. असा शिक्का म्हणजे कागदावर आलेली भावजयीची मर्जीच. फरक एवढाच की ती मर्जी आता नवऱ्याच्या हाती असते, आणि ‘तुझा व्हिसा रद्द करवीन’ या एका वाक्यात तिचा वापर होतो.

इंग्लंडात सत्तर-ऐंशीच्या दशकांत स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई स्त्रियांनी हा प्रश्न लावून धरला. लग्न करून आलेल्या बाईला आधी एक वर्ष, २००३ पासून दोन वर्षे आणि २०१२ पासून पाच वर्षे परीक्षाकाळ काढावा लागे. त्या अवधीत लग्न मोडले तर तिने देश सोडावा. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेच्या चळवळीनंतर १९९९ मध्ये पहिली सवलत मिळाली आणि २००२ मध्ये ती नियमांत आली: छळामुळे लग्न मोडल्याचे सिद्ध झाले तर बाईला स्वतःच्या नावाने कायमचा निवास मिळू शकतो. २०१२ मध्ये निर्णय होईपर्यंतच्या काळासाठी सरकारी आधाराची सोय झाली. पण येथे एक मेख आहे. ही कायमच्या निवासाची वाट मुख्यतः तेथे स्थायिक झालेल्यांच्या बायकांसाठी आहे. मुदतीच्या नोकरीवर गेलेल्या संगणक अभियंत्याची बायको तिच्यात बसत नाही, आणि आपल्या मुली बहुधा त्याच वर्गातल्या.

अमेरिकेतही गोष्ट अशीच. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या बायकोला नवऱ्याच्या सहीवाचून स्वतः अर्ज करण्याची मुभा दिली. एच-वन व्हिसावर गेलेल्याची बायको त्यातून सुटली. २००५ मध्ये अशा पीडित बायकांना काम करण्याचा परवाना मागता येईल अशी तरतूद झाली. तोवर तर तिला पगारही नव्हता, आणि पगाराशिवाय भाड्याची खोली कोण देतो? युरोपात २०११ च्या इस्तंबूल कराराचे ५९ वे कलम पीडित बाईला नवऱ्यापासून स्वतंत्र निवासाचा परवाना द्या असे सांगते. सक्तीच्या लग्नासाठी मायदेशी नेली गेल्यामुळे जिचा परवाना संपला तिला तो परत मिळावा असेही त्यात आहे. जर्मनीने २०११ मध्येच आपल्या कायद्यात असा परतीचा हक्क घातला. ब्रिटनने २०२२ मध्ये करार स्वीकारताना नेमके हे ५९ वे कलम बाजूला ठेवले. बाईला संरक्षण देण्यास सगळे तयार असतात. तिला पत्ता देण्याची वेळ आली की हात आखडतो, आणि त्यात विलायतही मागे नाही.

यांतली एखादी सगळे सोडून बेळगावला आईबापांकडे परतते. सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे येथील दंडाधिकाऱ्यापुढे तिचा अर्ज चालू शकतो; तात्पुरते वास्तव्यही पुरते. पण ज्या घरात राहण्याचा आदेश हवा ते घर न्यू जर्सीत असते आणि त्याच्या दारावर येथल्या आदेशाची अंमलबजावणी करणारे कोणी नसते. उलट तिने तिकडच्या न्यायालयातून पैशाचा हुकूमनामा मिळवून आणला आणि नवऱ्याची मिळकत इकडे असली तरी वाट सरळ नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ कलमाखाली ज्या देशांचे हुकूमनामे येथे थेट बजावता येतात त्यांच्या यादीत ब्रिटन आहे, अमेरिका नाही. अमेरिकेतला हुकूमनामा असेल तर तोच आधार धरून बेळगावच्या न्यायालयात नवा दावा लावावा लागतो, आणि त्याची मुदत निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांची आहे. ज्यांच्या घरी असा कागद पेटीत पडून असेल त्यांनी त्यावरची तारीख आजच पाहून ठेवावी.